विलिस जीप, साइड व्हॉल्व्ह इंजिन: व्हॉल्व्ह स्प्रिंगचा दाब किती ठेवू?

डिचोलीकर: आजोबांची विलिस उघडलीय, ४ सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच. तीन पावसाळे ताडपत्रीखाली होती, त्यामुळे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीट गंजलेल्या, घासून घेतल्या. जुन्या आठही स्प्रिंगा उंचीला सारख्याच दिसतात. तशाच घालू? बोअरिंगवाला म्हणतो, "कडक घाल, विषय संपला."

फोंड्याचा लेथवाला: कडक नको रे बाब, व्हॉल्व्ह उचलणारे कॅम आणि टॅपेट खाऊन टाकतील. व्हॉल्व्ह बंद असताना ५३.६ मिमीला ५० पौंड, म्हणजे साधारण २२.७ किलो, उघडा असताना ४४.५ मिमीला ११६ पौंड. ड्रिल मशीनखाली वजनकाटा ठेव, स्प्रिंग दाबून बघ. उंचीवर जाऊ नकोस, थकलेली स्प्रिंगही सरळ उभी राहते.

आणि सीट घासलीस ना? मग व्हॉल्व्ह खाली बसला, स्प्रिंगची जागा लांबली, दाब उतरला. दीड मिमीला जवळपास ५ किलो जातात.

डिचोलीकर: मोजलं. सहा २२-२३ किलो, दोन जेमतेम १८. जागा मात्र सगळीकडे ५५ च्या आसपास.

फोंड्याचा लेथवाला: त्या दोन बदल. बाकी जागा ५५ वरून ५३.६ वर आणायचं काम वायसरचं: ब्लॉक आणि स्प्रिंगच्या मध्ये, वरच्या बाजूला. स्प्रिंगचे दाट वेढेही वरच, ब्लॉककडे. टॅपेटची फट शेवटी, नव्याने लाव. मी एकदा स्प्रिंगा उलट्या बसवल्या होत्या, त्याबद्दल विचारू नको.

डिचोलीकर: विचारतोच! अनमोड घाटात?

फोंड्याचा लेथवाला: घाटापर्यंत पोचलीच नाही.