मदत हवी आहे: चित्रांतली बाई, आणि ती रंगवणाऱ्या बायका

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात मला तासभर बोलायचंय. विषय मीच सुचवला: चित्रकारांनी बाई कशी पाहिली. आता अडले आहे, म्हणून विचारते.

सुरुवात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांपासून करून मी थेट राजा रविवर्म्यावर येणार आहे. 1894 साली मुंबईत त्याचा छापखाना निघाला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर आल्या. आजीच्या देवघरातली लक्ष्मी तशीच होती. साडी नेसलेली, भरदार, शांत. देवी अशीच दिसते, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

मग अमृता शेरगिलचं 1935 मधलं तीन मुलींचं चित्र पाहिलं. त्या मुली कुणाकडेच बघत नाहीत, नटून बसलेल्याही नाहीत. कसली तरी वाट बघतायत, आणि ती सुखाची नाही. 1937 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीनं या चित्राला सुवर्णपदक दिलं होतं. मी त्यापुढून हललेच नाही.

म्हणून भाषणाचा मोठा भाग बायकांनी रंगवलेल्या बायकांना द्यायचाय. अंबिका धुरंधर आणि साडीतली मेरी (येशूची आई) रंगवणाऱ्या अँजेला त्रिंदाद यांची चित्रं मुंबईत किंवा गोव्यात प्रत्यक्ष कुठे बघता येतील? स्लाइडसाठी चांगल्या प्रती कुणाकडे मागाव्यात? आणि दिवाळी अंकांची जुनी मुखपृष्ठं कुणी जपून ठेवली असतील, तर फोटो पाठवाल का? अशी मुखपृष्ठं रंगवणाऱ्या चित्रकार दीनानाथ दलालांच्या चित्रांतल्या बायकाही दाखवायच्या आहेत.