मदत हवी आहे : मामांच्या संग्रहातील हिरवा दगड क्यूप्रोस्क्लोडोव्स्काइट आहे की मॅलाकाइट?

नमस्कार. माझे मामा झांबियाच्या ताम्रपट्ट्यात खाण अभियंता होते. सुट्टीवर येताना ते दरवेळी दोन-चार दगड आणत. त्यांच्या पश्चात तो संग्रह माझ्याकडे आला असून, आगपेटीएवढ्या एका नमुन्याबरोबर त्यांच्या अक्षरातील 'क्यूप्रोस्क्लोडोव्स्काइट, मुसोनोई' अशी चिठ्ठी आहे. करड्या खडकाच्या भेगेत केसासारख्या बारीक, गवती हिरव्या सुयांचे झुबके दिसतात.

मुसोनोई ही झांबियाशेजारच्या काँगोमधील कोल्वेझी शहराजवळची तांबे-कोबाल्टची खाण असून या दुर्मीळ खनिजाचे देखणे नमुने तिथलेच, इतपत माहिती मी मिळवली आहे. हे तांबे आणि युरेनियम यांचे जलयुक्त सिलिकेट आहे. वजनाच्या सुमारे ५३ टक्के युरेनियम, ७ टक्के तांबे, काठिण्य ४. मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी यांच्या सन्मानार्थ १९२४ मध्ये स्क्लोडोव्स्काइट हे नाव मिळालेल्या मॅग्नेशियमयुक्त खनिजाचेच हे तांबेयुक्त रूप, असे समजून १९३३ मध्ये याचे नामकरण झाले. पुढे दोघांची स्फटिकरचना वेगळी ठरली, नाव मात्र तेच राहिले.

अडचण अशी, की एका स्नेह्यांनी अतिनील दिव्याखाली नमुना पाहिला, तो अजिबात चकाकला नाही, आणि त्यांनी 'हे साधे मॅलाकाइट', म्हणजे तांब्याचे हिरवे कार्बोनेट, असा निर्वाळा दिला. खात्रीसाठी ते आम्लाचा थेंब टाकणार होते, मी टाकू दिला नाही. नमुना न बिघडवता ओळख कशी पटवावी, आणि चिठ्ठी खरी असल्यास तो घरात ठेवावा का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :
आम्ल टाकू दिले नाहीत हे उत्तम. दिव्याचा निकष इथे लागूच पडत नाही. ऑट्युनाइट अतिनील प्रकाशात पिवळट हिरवे झळाळते म्हणून युरेनियमची सारीच खनिजे तशी झळाळतात असा समज आहे. पण रचनेत तांबे असले की ते ही चमक मारते, त्यामुळे टॉर्बर्नाइट हे तांबे-युरेनियमचे हिरवे फॉस्फेटही सहसा अंधारेच राहते. मॅलाकाइटची शंका गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारे यंत्र) मिनिटभरात मिटवील, कारण मॅलाकाइट किरणोत्सारी नसते. टॉर्बर्नाइटची शंका भिंगाने मिटेल : त्याच्या चौकोनी चकत्या असतात आणि अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात, सुया नसतात.

हे खनिज मूळ धातुकासोबत खोलवर तयार होत नाही. प्राणवायूयुक्त भूजल युरेनिनाइट या युरेनियमच्या मूळ धातुकापर्यंत झिरपले की युरेनियम विरघळते आणि त्याच पाण्यात शेजारच्या ताम्रखनिजांतील तांबे व खडकातील सिलिका मिळाली, तरच अशा सुया धरतात. फॉस्फेट भरपूर असेल तर टॉर्बर्नाइट होण्याचा संभव अधिक. तिन्ही गोष्टी एकत्र येण्याच्या जागा थोड्याच.

घरात ठेवण्याबद्दल : अल्फा किरण कातडीपाशी अडतात, म्हणून खरी भीती या ठिसूळ सुयांची धूळ श्वासातून किंवा हातावाटे पोटात जाण्याची आहे. शिवाय युरेनियमच्या टप्प्याटप्प्याने होणाऱ्या क्षयातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू सुटतो. बंद डबी, माणसांच्या वावरापासून दूर जागा, उघडायची तर मोकळ्या हवेत, आणि नंतर हात धुणे, एवढे पाळाच. भारतीय कायद्यानुसार युरेनियम 'विहित', म्हणजे सरकारी नियंत्रणाखालचा, पदार्थ आहे. विक्रीचा किंवा टपालाने पाठवण्याचा विचारही न करता मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेला लेखी विचारावे.

धागाकर्ता :
मनःपूर्वक आभार. ओळखीच्या प्राध्यापकांनी काउंटर आणला. रिकाम्या टेबलावर अधूनमधून टकटक करणारे यंत्र नमुन्याजवळ नेताच अखंड कडकडू लागले. भिंगाखाली सुयाच दिसल्या, चकत्या एकही नाही. आजवर हा दगड बैठकीच्या खोलीत दूरचित्रवाणी संचाशेजारी होता, हे सांगायलाही संकोच वाटतो. डबीतील कापसावर गळलेल्या सुया आहेत; तो कापूस कचऱ्यात टाकावा का?

प्रतिसाद :
कचऱ्यात मुळीच नको, आणि झटकूही नका. कापूस हलके ओलसर करून आहे त्याच डबीत राहू द्या, डबीवर खनिजाचे नाव ठळक लिहा आणि परिषदेला पत्र लिहाल तेव्हा त्या कापसाचाही उल्लेख करा.