‘दायित्व’ की ‘जबाबदारी’? काजूच्या प्रश्नावलीतले शब्द

वेंगुर्ल्याजवळ आमचा छोटा काजू कारखाना आहे. माल घेणाऱ्या कंपनीकडून यंदा लांबलचक इंग्रजी प्रश्नावली आली. मजुरी किती, हातमोजे देता का, टरफलांचं काय करता, बी कुठून येते. बायकांना वाचून दाखवायची म्हणून मी ती मराठीत करते आहे. शीर्षक केलं ‘पुरवठा साखळीतील सामाजिक दायित्व’. बी फोडणाऱ्या काकूंनी विचारलं, “म्हणजे कंपनी शाळेक बाकडी देतली काय?” माझा शब्द कुठे चुकला?

प्रतिसाद: काकूंनी बरोबर अर्थ लावला, शब्दच आधी दुसऱ्या कामाला लागलेला आहे. कंपनी कायदा 2013, कलम 135: ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्चायचे. वर्तमानपत्रांनी त्याला ‘सामाजिक दायित्व’ म्हटलं, आणि गावात ते बाकं, पाण्याची टाकी, रुग्णवाहिका या रूपात पोचलं. ते नफा झाल्यानंतरचं काम. तुमची प्रश्नावली त्याच्या आधीचं विचारते: हा नफा कोणाच्या हातांवर उभा आहे? शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना माणसं आणि पर्यावरणाशी कसं वागता याचा जो अहवाल सक्तीचा केला, त्याच्या नावात ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ आहे. तिथे मी ‘जबाबदारी’च लिहीन. ताळेबंदात ‘दायित्व’ म्हणजे देणं, ते रक्कम भरली की फिटतं. ‘जबाबदारी’त जबाब आहे. विचारणारा समोर असतो आणि उत्तर द्यावं लागतं. टरफलाच्या तेलाने बोटं भाजली तर जबाब कोणी द्यायचा, हे बाकं देऊन मिटत नाही.

दुसरा प्रतिसाद: ‘साखळी’बद्दल. खऱ्या साखळीत प्रत्येक कडी शेजारच्या दोन कड्या धरून असते, आणि इथेही ओळख तेवढीच. आंब्याचं घ्या: वाशीच्या बाजारातल्या दलालाला बागायतदार माहीत, बागेत रात्रभर राखण करणारा नेपाळी गडी नाही. मासळीचंही तेच. 2010 पासून युरोपात समुद्रातली मासळी पाठवायची तर पकड प्रमाणपत्र लागतं. त्यात बोट, मासळीची जात, वजन सगळं येतं, खलाशाच्या मजुरीला रकाना नाही. म्हणून ‘ट्रेसेबिलिटी’ला ‘मागोवा’ लिहा, पण माग मालाचा की माणसांचा, तेही तिथेच लिहा.

मूळ प्रश्नकर्ती: दोघांचेही आभार. शीर्षक बदललं: ‘माल तयार करणाऱ्या माणसांची आणि परिसराची जबाबदारी’. लांब आहे, पण काकूंना विचारावं लागलं नाही. ‘ड्यू डिलिजन्स’साठी ‘सम्यक तपासणी’ असा शब्द सापडला होता, तो खोडून ‘आधीच नीट चौकशी करणे’ लिहिलं.

आता अडले आहे ‘ग्रीव्हन्स’वर. ‘तक्रार निवारण’ लिहिलं तर बायका गप्प होतात. तक्रार केली की काम जातं, हे त्यांनी पाहिलंय. ‘गाऱ्हाणं’ त्यांचा शब्द. पण आमच्याकडे गाऱ्हाणं देवाला घालतात. गावकर उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागतो, बाकीचे “व्हय महाराजा” म्हणतात. एकटीला पुढे यावं लागत नाही, हे मला त्यात फार मोलाचं वाटतं. मात्र देवाकडे मागितलेलं ते मागणं, मालकाकडे मागायचा तो हक्क. कारखान्याच्या भिंतीवर लावायच्या फलकावर ‘गाऱ्हाणं’ लिहू का?