पाय झीरो २ डब्ल्यूसाठी माइक आणि अँप्लिफायर कोणता घ्यावा?

झीरोवाला
रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू या छोट्या संगणकावर एक बोलकं यंत्र करायचं आहे. दोन मीटरवरून दिलेली मराठी आज्ञा त्याला ऐकू यावी आणि उत्तर खोलीभर पोचावं. हाताशी मॅक्स ९८१४ चा माइक-बोर्ड, पीएएम ८४०३ अँप्लिफायर आणि ४ ओहम ३ वॅटचा स्पीकर आहे. एवढ्यावर भागेल का? सगळं एकाच ५ व्होल्ट अडॅप्टरवर चालवायचं आहे.

तारजोडणी
स्पीकर ठेवा, बाकी दोन्ही बोर्ड दुसऱ्या कशाला तरी वापरा.

मॅक्स ९८१४ वाईट नाही, पण तो अ‍ॅनालॉग सिग्नल देतो आणि पायला तो वाचून आकड्यांत बदलणारा भाग (एडीसी) नाहीच. पीएएम ८४०३ ला अ‍ॅनालॉग सिग्नल लागतो आणि झीरोवर हेडफोन जॅक नाही. पिनवरून पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद होणारा सिग्नल) काढून रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर लावता येतो, पण त्यातली खरखर अँप्लिफायर इमानदारीत मोठी करून ऐकवतो.

दोन्हीकडे आयटूएस (चिपांमध्ये आवाज डिजिटल स्वरूपात नेणारी जोडणी) घ्या: माइक आयएनएमपी ४४१, अँप्लिफायर मॅक्स ९८३५७ए. दोघांनाही वेगळा मास्टर क्लॉक लागत नाही आणि एकाच क्लॉकवर दोघे चालतात.

जोडणी (आकडे पायच्या हेडरवरच्या, म्हणजे पिनांच्या रांगेतल्या जागांचे आहेत, सॉफ्टवेअरमधले जीपीआयओ क्रमांक नव्हेत): बिट क्लॉक १२ वर, डावी-उजवी निवडणारा वर्ड क्लॉक ३५ वर. या दोन्ही तारा माइक आणि अँप्लिफायर दोघांनाही जातात. माइकचा डेटा ३८ वर येतो, अँप्लिफायरला डेटा ४० वरून जातो. माइकला वीज पिन १ वरून, म्हणजे ३.३ व्होल्ट. ५ व्होल्ट लावलेत तर माइक गेलाच समजा. अँप्लिफायरला पिन २ किंवा ४ वरून ५ व्होल्ट. माइकची एल/आर पिन ग्राउंडला जोडा, म्हणजे आवाज डाव्या चॅनलवर येईल. ती अधांतरी सोडू नका.

स्पीकरच्या दोन्ही तारा फक्त अँप्लिफायरला जोडायच्या. उणे टोक ग्राउंडला लावायचं नाही, कारण आउटपुट ब्रिज पद्धतीचं आहे आणि दोन्ही टोकांवर सिग्नल असतो.

कर्नलकाका
वरच्याला पुस्ती. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये आयटूएस चालू करा आणि गूगलव्हॉइसहॅट-साउंडकार्ड हा ओव्हरले (जोडलेल्या हार्डवेअरची ओळख करून देणारी तयार फाइल) टाका (फाइलमध्ये अर्थातच रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं). एकाच ओव्हरलेत माइक आणि अँप्लिफायर दोन्ही मिळतात. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून कॉन्फिग फाइल बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरात असते. जुने लेख वाचून बूटमधली फाइल बदलली आणि काहीच झालं नाही, ही तक्रार नेहमीची.

हा ड्रायव्हर ४८,००० हर्ट्झ, ३२ बिट आणि दोन चॅनल एवढंच देतो. बहुतेक वाक्-ओळख मॉडेलांना १६,००० लागतात, म्हणून लिनक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये उपकरणाचं नाव देताना थेट एचडब्ल्यू न वापरता प्लगएचडब्ल्यू वापरा, रूपांतर आपोआप होईल.

अँप्लिफायरची एसडी (चालू-बंद करणारी) पिन हेडरच्या ३६ ला जोडा. वाजवणं सुरू-बंद होताना ड्रायव्हर तिथून अँप्लिफायर चालू-बंद करतो आणि ‘टक्’ आवाज बराच कमी होतो. मात्र या पिनला ३.३ व्होल्ट मिळाले की अँप्लिफायर फक्त डावं चॅनल वाजवतो. बोलण्यापुरतं त्याने काही बिघडत नाही.

झीरोवाला
जोडलं, चालतंय. दोन अडचणी: रेकॉर्डिंग फारच बारीक येतं आणि आवाज वाढवला की पाय मधूनच रीस्टार्ट होतो.

तारजोडणी
बारीक येणारच, माइक बिघडलेला नाही. आयएनएमपी ४४१ ला ९४ डेसिबलचा आवाज दिला की तो पूर्ण पातळीच्या २६ डेसिबल खाली आकडा देतो. साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास, म्हणजे उणे ६०, आणि दोन मीटरवर आणखी ६ खाली. सॉफ्टव्हॉलने (लिनक्समधला आवाज सॉफ्टवेअरने वाढवणारा भाग) २५ ते ३० डेसिबल वाढवा. त्याआधी १०० हर्ट्झखालचं सगळं कापा, नाहीतर घरघरही तेवढीच वाढेल. माइकची स्वतःची सळसळ ३३ डेसिबलच्या तोडीची आहे, त्यामुळे चालू पंख्याखाली पाच मीटरवरून कुजबुज टिपायची अपेक्षा मात्र ठेवू नका.

रीस्टार्टचं कारण वीज. ४ ओहमवर पूर्ण आवाजात अँप्लिफायर ३.२ वॅटपर्यंत जातो, पण तेव्हा आवाज १० टक्के फाटलेला असतो. अशा वेळी तो एकटाच पाऊण अँपिअरच्या आसपास ओढतो. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक केबल असेल तर व्होल्टेज लगेच पडतं. ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा अडॅप्टर आणि आखूड, जाड केबल घ्या. अँप्लिफायरच्या वीज-पिनांना लागून ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन-ऋण बघून. अँप्लिफायरची गेन पिन (आवाज किती वाढवायचा ते ठरवणारी) मोकळी असेल तर ९ डेसिबल मिळतात. ती व्हीआयएनला (अँप्लिफायरच्या ५ व्होल्ट पिनला) जोडलीत तर ६ वर उतरतात. आधी तेवढं करून बघा.

डब्बेवाला_डीआयवाय
डबा करताना एक लक्षात ठेवा. या माइकचं छिद्र बोर्डच्या खालच्या बाजूला असतं. डब्याला भोक पाडून मधे छिद्र असलेली रबरी चकती लावा आणि माइक त्यावर घट्ट बसवा. फट राहिली तर स्पीकरचा आवाज डब्याच्या आतूनच माइकमध्ये शिरतो आणि यंत्र स्वतःचंच बोलणं आज्ञा समजतं. सोल्डरिंगनंतर बोर्ड अल्कोहोलने धुऊ नका, छिद्रात हवाही मारू नका. फ्लक्स आत गेला की माइक कायमचा बहिरा.

झीरोवाला
यापेक्षा सरळ यूएसबी माइक घेतला तर?

कर्नलकाका
चालेल, ओटीजी अडॅप्टर (झीरोच्या छोट्या पोर्टला यूएसबी उपकरण जोडणारा) लागेल आणि झीरोचा एकुलता एक डेटा पोर्ट अडकेल. पण उत्तर चालू असताना मधेच आज्ञा द्यायची असेल तर माइकमध्ये शिरलेला स्पीकरचा आवाज, म्हणजे प्रतिध्वनी, सॉफ्टवेअरने काढावा लागतो. यूएसबी माइकचा क्लॉक वेगळा असल्याने तो अँप्लिफायरच्या क्लॉकपासून हळूहळू सरकत जातो आणि प्रतिध्वनी नीट निघत नाही. तुमच्या जोडणीत दोघांचा क्लॉक एकच आहे. तारा फक्त १०-१५ सेंटिमीटरच्या आत ठेवा: बिट क्लॉक ३ मेगाहर्ट्झच्या वर धावतो, लांब तारांवर कडकड ऐकू येते. तरी आलीच तर पायजवळ बिट क्लॉकच्या तारेत ३३ ओहमचा रेझिस्टर घाला.