डॅशकॅमचा बिटरेट किती ठेवू? मदत हवी आहे

कोल्हापूरहून आंबा घाटातून रत्नागिरीला जाऊन त्याच दिवशी परत यायचं असतं. डॅशकॅम (गाडीच्या काचेवरचा कॅमेरा) १४४०पी रिझोल्यूशन, सेकंदाला ३० फ्रेम, एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) आणि २५ एमबीपीएस बिटरेटवर (दर सेकंदाला साठणारा डेटा) आहे. तासाला साधारण ११ जीबी जातात, त्यामुळे ६४ जीबीचं कार्ड साडेपाच तासांत भरतं आणि घरी पोचेपर्यंत सकाळचं फुटेज पुसलेलं असतं. कॅमेरा याहून मोठं कार्ड घेत नाही.

१०८०पी, १५ एमबीपीएस करून पाहिलं. जागा पुरते, पण दसरा चौकात सिग्नलला थांबलेली गाडी सोडली तर नंबरप्लेटचे आकडे फिसकटतात. ६० फ्रेमवर रात्रीचं चित्र आणखी काळवंडलं, ते लगेच बंद केलं. जी-सेन्सर (धक्का ओळखून फाइल पुसली जाऊ नये म्हणून लॉक करणारा) 'लो'वर आहे, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला फाइल लॉक होऊन जागा अडते. काच आणि लेन्स स्वच्छ आहेत, लूप (एकेका फाइलची लांबी; कार्ड भरलं की जुन्या फाइलवर नवी चढते) ३ मिनिटांचा आहे.

एच.२६५ चा (एच.२६४ पेक्षा कमी जागेत तसंच चित्र साठवणारी नवी पद्धत) पर्याय अजून वापरलेला नाही, कारण विम्याच्या क्लेमसाठी फाइल दिली तर समोरच्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल का, ही धास्ती आहे. रात्रीच्या प्लेटचा आग्रह नाही, दिवसा आणि पावसात वाचता आली तरी पुरे.

१४४०पी तसंच ठेवून एच.२६५ वर बिटरेट कितीपर्यंत उतरवला तर पळत्या गाडीची प्लेट वाचता येते? कुणी घाटात, पावसात वापरून बघितलंय का?