मदत हवी आहे : रोमन वंशावळीत बाप, लेक, नातू सगळेच ‘गायस’!

नमस्कार मंडळी. ज्युलियस सीझरची वंशावळ मराठीत मांडतोय आणि नावांपाशीच अडलोय. गायस हे त्याचं स्वतःचं नाव, ज्युलियस कुळाचं, सीझर त्यातल्या शाखेचं. पण वडीलही गायस ज्युलियस सीझरच, आजोबाही गायसच! शिलालेखांत ‘गायसचा मुलगा, गायसचा नातू’ असं लिहायची रीत होती, तिनेही इथे उलगडा होत नाही. त्यात इ.स.पू. ४४ मध्ये सीझरच्या मृत्युपत्राने त्याला दत्तक गेलेला ऑक्टेव्हियसही (पुढचा सम्राट ऑगस्टस) हेच नाव लावू लागला. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तेव्हा निदान मधलं नाव तरी वेगळं येतं.

तक्त्यात पहिला-दुसरा असे क्रमांक द्यावेत की जन्मसाल? आणि लॅटिनमध्ये गायसचं संक्षिप्त रूप ‘सी’ आहे, मराठीत ‘गा.’ लिहिलं तर चालेल का? अशा वंशावळी केलेल्यांनी कृपया सांगा.