आधी शेजाऱ्यांच्या खोलीत बसून ऐका

तुम्ही भाड्याने राहता, मुलं सामायिक अंगणात खेळतात आणि शेजारी आवाजाची तक्रार करतात. त्यावर मिळालेला ‘भाडेकरू आहात ना, मग मुलांना आवरा’ हा सल्ला मला तरी पटला नाही. सामायिक अंगण वापरायला घर मालकीचं लागत नाही. करारात त्याबद्दल काही लिहिलंय का, तेवढं आधी बघून घ्या.

आमच्याही बाबतीत तळमजल्यावरच्या काकांनी आमच्याशी न बोलता थेट घरमालकाला फोन केला होता. राग आला, पण एका संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले. बाहेर मुलांचा चेंडू भिंतीवर आपटत होता. धप्प... जरा शांतता, आता थांबलं म्हणावं तोच पुन्हा धप्प! आपटण्याचा आवाज भिंतीतूनच आत येतो, खिडकी लावून काही उपयोग नाही. त्यांना आरडाओरडा चालत होता, हे धप्प नको होतं. स्पंजचा चेंडू आणला, मुलांना खेळायला दुसरी भिंत दिली. निम्मं भांडण तिथेच मिटलं. (उरलेलं निम्मं चपलांवरून होतं, ते सोडा.)

खेळणं हा मुलांचा हक्क आहे, संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात कलम 31 मध्ये तसं लिहिलंय. जर्मनीने तर 2011 मध्ये कायदाच बदलला: पाळणाघरं आणि खेळाच्या मैदानांवरचा मुलांचा आवाज एरवी उपद्रव धरायचा नाही. अर्थात, शेजाऱ्याच्या दारात उभं राहून कलमं ऐकवू नका, हसं होईल.

स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांचीही मुलं तिथेच खेळतात आणि तक्रार फक्त तुमच्या मुलांची होते, असं असेल तर मात्र नियम लेखी मागा. प्रत्येक तक्रारीची तारीख-वेळ टिपून ठेवा.